लीलाआत्याचं विसावं नाव

लीलाबाईच्या खालच्या ओठाला जर फुटला तो नेमका बारशाच्या आदल्या दिवशी. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस मोकळे पडलेले असताना त्याला हाच मुहूर्त सापडला, यावरून तो किती नतद्रष्ट असेल याची कल्पना यावी. सकाळी चूळ भरताना ओठाची कड नुसती चुरचुरली होती. दुपारपर्यंत तिथे मोहरीएवढ्या, पाण्याने भरलेल्या पुटकुळ्यांचा झुपका उभा राहिला. लीलाबाईने आरशात एकदा पाहिलं, आरसा पालथा घातला आणि ओठाला तुपाचं बोट लावलं.

तसा जर तिला नवा नव्हता. भाताची कापणी आली, ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर बसलं आणि चार दिवस कंबर मोडेस्तोवर विळा चालवला की तो हमखास यायचा. अंगातली कडकी ओठावाटे बाहेर पडते, असं तिची आई सांगायची, आणि लीलाबाईला ते पटलेलं होतं. आठ-दहा दिवसांत खपली धरायची, खपली पडायची, संपलं. एरवी तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण उद्या घोरावाडीला बारसं होतं, आणि बारशात लीलाबाईच्या तोंडाला फार मोठं काम होतं.

आंदर मावळातल्या तिच्या माहेरच्या घरात मूल जन्माला आलं की त्याच्या कानात नाव सांगायचं ते लीलाबाईनेच. तिला दिली होती तिकोणा पेठेला. नवरा लवकर गेला, पोटी मूल नव्हतं, आणि त्याच वर्षी इकडे धाकट्या भावाची, गेणूची बायको दोन लेकरं मागे ठेवून गेली. निलेश तीन वर्षांचा, समीक्षा सात महिन्यांची. लीलाबाई पत्र्याची एक पेटी घेऊन माहेरी आली ती कायमची. तिला आता चौसष्टावं लागलं होतं. आजवर गेणूची दोन, चुलत भावांची आणि त्यांच्या मुलांची मिळून एकोणीस पोरं तिच्या तोंडून नाव घेऊन मोठी झाली होती. नाव सांगताना बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. एकोणीस बारशांचे धपाटे खाऊनही आपली पाठ अजून सरळ आहे, हे ती येईल त्याला ऐकवायची.

विसावी होती निलेशची पहिली मुलगी. निलेश लोणावळ्याला एका हॉटेलात कामाला होता आणि त्याची बायको स्नेहल बाळंतपणाला घोरावाडीला माहेरी गेली होती. आता खरं नातं पाहिलं तर बाळाची आत्या म्हणजे समीक्षा, निलेशची सख्खी बहीण. पण घरातली थोरली आत्या असताना धाकटीने पुढे व्हायचं नाही, अशी तिथली रीत. रीत पक्की होती, तरीही लीलाबाईच्या मनात एक बारीकसं कुसळ टोचत होतं. आपली पोरगी शिकलेली, पुण्यात राहणारी. तिला वाटलंच आपण नाव सांगावं, तर आपण नाही कसं म्हणणार?

त्यातून नावही साधं नव्हतं. स्नेहलने ते फक्त लीलाबाईला फोनवर सांगितलं होतं, कारण बारशापर्यंत दुसऱ्या कुणाला ते कळू द्यायचं नसतं. मृण्मयी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लीलाबाईची जीभ तीन ठिकाणी अडखळली. मग ती गेले पाच दिवस धार काढताना म्हशीच्या कानात ते नाव म्हणून पाहत होती. म्हशीने पहिले दोन दिवस कान झटकले, नंतर तिलाही सवय झाली. काल संध्याकाळी नाव एकदाचं स्वच्छ आलं, आणि लीलाबाई अख्ख्या गोठ्याला ऐकू जाईल अशी हसली होती.

समीक्षा चारच्या एसटीने आली. ती पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करत होती, आणि कशावर काम करते हे गावात सांगणं ही गेणूची मोठी अडचण होती. सुरुवातीला तो "विषाणूंवर" म्हणायचा, पण लोक पुढे विचारायचे. शेवटी त्याने सरळ सांगायला सुरुवात केली, "आमची समी जरावर डॉक्टर व्हतीय." लोक हसायचे. ओठावरच्या पुटकुळीसाठी सरकार पोरीला पगार देतं, हे कुणाच्या पचनी पडत नव्हतं.

त्यामुळे एसटीचा आवाज ऐकताच लीलाबाईने डोक्यावरचा पदर ओढून तोंडावर घेतला. समीक्षाने पिशव्या ओटीवर टेकवल्या, आत्याच्या पायाला हात लावला आणि चहा मागितला. लीलाबाईने चहा दिला, स्वतःही घेतला, पण बशी पदराच्या आत नेऊन. सासऱ्यासमोर नवी नवरी बसावी तशी ती बसली होती.

"आत्या," समीक्षा म्हणाली, "ऊन लागलंय का?"

"न्हाई."

"मग दात दुखतोय?"

"माझं दात लोखंडाचं हायेत."

"मग पदर काढ बघू."

लीलाबाईने पदर काढला नाही, तेव्हा समीक्षानेच पुढे होऊन तो बोटाने बाजूला केला. तिने ओठाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. ज्या पोरीला आपण लहानाचं मोठं केलं तिचा चेहरा पडलेला लीलाबाईला चटकन कळायचा.

"कवा आला?"

"सकाळी. उद्यापतूर सुकंल. तूप लावलंय."

"उद्यापतूर न्हाई सुकत, आत्या." समीक्षाने तिचा हात हातात घेतला. "ऐक. उद्या बाळाच्या जवळ तोंड न्यायचं न्हाई. कानात नाव सांगायचं न्हाई, मुका घ्यायचा न्हाई."

लीलाबाईने हात सोडवून घेतला. मनातलं कुसळ आता चांगलं आत घुसलं होतं. ती उठली आणि घरामागच्या खळ्यावर जाऊन भाताच्या पेंढ्या बांधू लागली. तिने त्या इतक्या आवळून बांधल्या की पुढे सोडवताना गेणूला विळा घ्यावा लागला.

गेणू तिथेच खुंटाला टेकून बसला होता. मागोमाग समीक्षाही आली, आणि दोघींचे चेहरे पाहून त्याने तंबाखू मळायला घेतली. भांडण चालू असताना त्याचं एवढंच काम असायचं.

"नाव तुला सांगायचंय तर तसं म्हन," लीलाबाई पेंढीकडे बघत म्हणाली. "माझ्या ओठाला नावं कशाला ठेवतीस? एकोनीस पोरांची नावं सांगितली ह्या तोंडानं. एकालाबी कदी शिंक आली न्हाई."

समीक्षा तिच्यासमोर उकिडवी बसली. "मीबी सांगनार न्हाई."

"का?"

"कारण तो माझ्याबी अंगात हाय."

लीलाबाईचे हात थांबले.

"तुला सांगते, मी काय करते तिकडं," समीक्षा म्हणाली. गावात आली की तिची भाषा गावची व्हायची आणि तिला ते कळायचंही नाही. "तुझ्या लुगड्याच्या काठाला बघ. कुसळं लागलीत का न्हाई?"

लागली होती. बांधावरच्या गवताची कुसळं कापणीच्या दिवसांत कुणाच्या कपड्याला सोडत नाहीत.

"आपलं अंग लय बारीक बारीक पेशींचं असतं. घराला विटा तसं. आनि दर पेशीच्या अंगावर अशी लव असती. तो विषानू ओठावरनं दुसऱ्याच्या अंगाला लागला की पैल्यांदा त्या लवीला नुसता चिकटतो, कुसळावानी. तवर काय बिघडत न्हाई. झटकला तर पडतो. पर तो तसाच घसरत घसरत हात हुडकतो."

"कुनाचा हात?"

"पेशीचा. पेशी एकमेकीला धरून असतात, आत्या. फुगडीला कसं आपन हात धरतो, तसं त्यांच्या अंगावर धरायला हात असतात. म्हून तर कातडी फाटत न्हाई, गाल गालाच्या जागी ऱ्हातो. आनि त्या मेल्याच्या अंगावर नेमका त्या हातात बसंल असा हात असतो. पेशीला वाटतं, आपलंच कुनीतरी आलं. ती हात देती. की मग ह्याचं वरचं कातडं आनि पेशीचं कातडं एक व्हतं, आमटीवर तेलाचं दोन थेंब जवळ आलं की एक व्हत्यात तसं. आनि हा आत."

गेणूची तंबाखू तळहातावरच राहिली होती. "म्हंजे कडी तोडत न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई, आबा. आपल्याच मानसांसाठी ठेवलेल्या हाताला धरून येतो."

लीलाबाईने काठाचं एक कुसळ ओढून काढलं आणि ते बोटांत फिरवत बसली. तिला राग आलेला होता, पण तो आता समीक्षावरून उठून दुसरीकडे बसायला जागा शोधत होता.

"मग त्यो हातच काढून टाकायचा पेशीचा," ती म्हणाली.

"मग पेशी एकमेकीला धरनार कशा?"

लीलाबाईने थोडा विचार केला. "मग त्याच्या आधी आपनच कायतरी त्या हातात देऊन ठेवायचं. हात मोकळाच न्हाई म्हनल्यावर त्यो काय धरनार, कपाळ?"

समीक्षा मोठ्याने हसली. "आमच्या मॅडमनी ह्यावर चार वरसं घालवलीत, आनि तू पेंढी बांधता बांधता सांगतीस."

लीलाबाईला बरं वाटलं. पण ती लगेच हसणाऱ्यांतली नव्हती. "आनि मग त्यो आत जाऊन काय करतो?"

"पिलावळ वाढवतो. मग शिरेतनं वर जातो आनि हितं, कानाच्या म्होरं, हाडाच्या आत शिरेची गाठ असती तिथं झोपून ऱ्हातो. जल्मभर. ऊन लागलं, दमलं, ताप आला की उठतो आनि ओठावर येतो. आपल्याला काय न्हाई करत, आठ दिवस चुरचुरतं. गावात दहातल्या सहा-सात जनांच्या अंगात हाय. पर बारा दिवसाच्या बाळाला त्याच्याशी झगडता येत न्हाई, आत्या. त्याच्या मेंदूत जाऊ शकतो. जीव जाऊ शकतो. लय पोरांना व्हत न्हाई, पर एकाला झालं तरी ते आपलं."

हे ती हळू बोलली. लीलाबाईने हातातलं कुसळ खाली टाकलं. एकोणीस पोरांचे कान तिच्या डोळ्यांपुढून एकामागून एक गेले, आणि त्यांतल्या कुठल्या वेळी आपल्या ओठाला काय होतं हे तिला काही केल्या आठवेना.

"तुला पैल्यांदा कवा झालता?" तिने विचारलं.

"दुसरीत असंन. मग दहावीच्या परीक्षेला, मग बारावीला. तूच तूप लावायचीस की."

"व्हय. मीच लावायची."

"म्हून तर ह्यात पडले मी. दहावीला गनिताचा पेपर लिवताना सारखा ओठ ठनकत व्हता. म्हनलं, बघूच हा हाय तरी कोन."

लीलाबाई हसली नाही. तिला दुसरंच आठवलं होतं. सात महिन्यांची समीक्षा, आई नसलेली, गाईचं दूध उलटून टाकणारी. तिला दात नव्हते, म्हणून लीलाबाई भाकरीचा घास आधी स्वतः चावून मऊ करायची आणि मग बोटाने तिच्या तोंडात भरवायची. वर्षभर तिने तसं भरवलं होतं. गावात सगळ्याच बाया तसं भरवायच्या. ती उठली आणि "चूल पेटवायचीय" म्हणून आत गेली, कारण समीक्षासमोर डोळ्यांना पदर लावायची तिची इच्छा नव्हती.

घरात गॅस होता, पण भाकरी चुलीवरच व्हायच्या. लाकडं सर्द होती, धूर झाला, आणि लीलाबाईने सवयीने फुंकणी उचलली. हातभर लांब लोखंडी नळी, तिच्या आईच्या वेळची. तिने फुंकर मारली, पलीकडे राख उडाली आणि जाळ धरला. लीलाबाईने फुंकणी तोंडावरून काढली आणि तिच्याकडे पाहिलं. एक टोक चुलीशी होतं, दुसरं तिच्याशी, मध्ये चांगलं हातभर अंतर. ती फुंकणी घेऊन तशीच बाहेर आली. भाकरी तव्यावर राहिली आणि करपली, ती नंतर गेणूने काही न बोलता खाल्ली.

"समे," ती म्हणाली, "कुसळाला हातभर उडी मारता येती का?"

समीक्षाने फुंकणीकडे पाहिलं, मग आत्याकडे. मग ती ओटीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

हसून झाल्यावर मात्र तिने काम कामासारखं केलं. बाळाच्या तळेगावच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून आधी हसण्याचा आवाज आला. बाईंनी अटी घातल्या: जरावर पट्टी, वरून मास्क, हात साबणाने धुतलेले, बाळाला हात लावायचा नाही, आणि अंतर हातभरापेक्षा तसूभर कमी नाही. लीलाबाईने फुंकणी राखेने घासली, समीक्षाने ती आतून धुऊन उकळत्या पाण्यात ठेवली. पलीकडच्या टोकाला उकळलेल्या मलमलीचं चिंधूक बांधायचं आणि ते टोकसुद्धा कानाला टेकवायचं नाही, असं ठरलं.

"आनि फुंकायचं न्हाई," समीक्षाने बजावलं. "बोलायचं. हळू."

"मला शिकवू नगंस. चूल आनि पोर ह्यातला फरक कळतो मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं कान्ह्याला लोकलमध्ये चढले. निलेश लोणावळ्याहूनच त्याच गाडीत बसून आला होता, मांडीवर चिक्कीचे चार डबे. लीलाबाईच्या मांडीवर खणात गुंडाळलेली फुंकणी होती आणि तोंडावर मास्क. शेजारच्या बाईने वडगाव येईपर्यंत दम धरला, मग विचारलं, "मावशी, बासरी का हो?"

"फुंकनी," लीलाबाई म्हणाली. "नातीच्या बारशाला."

बाई तळेगावला उतरेपर्यंत मधूनमधून खणाकडे बघत राहिली.

घोरावाडीला स्नेहलचं माहेर स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. स्नेहलचे वडील सोपानराव रेल्वेतून निवृत्त झालेले, भरघोस मिशांचे आणि मोकळ्या मनाचे. पाहुण्यांचं स्वागत त्यांनी दारातच केलं. पण मास्क लावलेली आत्या पाहून बायकांत कुजबूज झाली. आत्या रुसली, असं एकीने सांगितलं. सोन्याची वाळी आणली नाहीत म्हणून तोंड लपवतेय, असं दुसरीने. लीलाबाईला हे सगळं ऐकू आलं. कान तिचे तिखट होते, आणि मास्कच्या आत ओठ ठणकत होता.

पाळणा सजला. घुगऱ्यांचं पातेलं मध्ये आलं. वरवंट्याला झबलं घालून बायकांनी तो पाळण्याच्या वरून खालून फिरवला. मग सगळ्यांच्या माना लीलाबाईकडे वळल्या, आणि लीलाबाईने खण सोडून फुंकणी बाहेर काढली.

एवढी शांतता त्या घरात सोपानरावांच्या निरोपसमारंभातही झाली नसेल.

"आत्याबाई," स्नेहलची आई चाचरत म्हणाली, "हे काय?"

समीक्षा सांगायला पुढे सरकली, पण लीलाबाईने हाताने तिला थांबवलं. तिने मास्क खाली केला, पट्टी लावलेला ओठ सगळ्यांना दाखवला आणि मास्क पुन्हा वर घेतला. काल ज्या ओठासाठी तिने पदर ओढला होता, तो तिने आज भरल्या घरात दाखवला, आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही.

"मला जर फुटलाय," ती म्हणाली. "जरात किडा असतो, डोळ्याला दिसत न्हाई इतका. त्यो कुसळावानी चिकटतो, आनि मानसानं मानसाला धरायला जो हात असतो त्यालाच धरून आत जातो. मोठ्यांना काय करत न्हाई, पर बाळाला लय वाईट. म्हून मी लांबनं सांगनार. नाव सांगायचा मान माझा हाय आनि त्यो मी सोडनार न्हाई. पर पोरीपरीस त्यो मोठा न्हाई."

स्नेहल पाळण्याशी बसली होती. तिने आधी समीक्षाकडे पाहिलं, समीक्षाने मान हलवली, आणि स्नेहल म्हणाली, "सांगा आत्या."

लीलाबाई हातभर लांब उभी राहिली. चिंधूक बांधलेलं टोक समीक्षाने बाळाच्या कानाशी, चार बोटं वर, धरून ठेवलं. बायका धपाट्यांसाठी मागे जमल्या. लीलाबाईने मास्कसकट तोंड नळीला लावलं, आधी हलकेच कुर्रर्र केलं आणि मग सांगितलं, "मृण्मयी." म्हशीच्या कानात आलं होतं त्याहून स्वच्छ आलं. नळीतून ते नाव असं काही घुमून बाहेर पडलं की कानात सांगायची गोष्ट दारात बसलेल्या पुरुषांनाही ऐकू गेली. बाळाने झोपेतच भुवया वर केल्या, ओठांचा चंबू केला आणि पुन्हा झोपलं. मग धपाटे पडले. ते जरा जास्तच पडले, कारण मघाशी कुजबुजणाऱ्या बायकांना काहीतरी भरपाई करायची होती.

इथे खरं तर लीलाबाईचं काम संपलं होतं. पण घुगऱ्या वाटून होताच सोपानराव मिशा पुसत पाळण्यावर वाकले, नातीचा पहिला मुका घ्यायला. त्यांच्या मिशा आणि बाळाचा गाल यांच्यामध्ये अचानक एक लोखंडी नळी आली.

"भाऊ," लीलाबाई म्हणाली, "तुमाला कदी जर फुटतो का?"

"थंडीत फुटतो एखाद्या वेळी. आता नाहीये."

"दिसत नसला तरी आत झोपलेला असतो. दोन म्हैनं दम धरा. पायाला हात लावा, त्योबी धुऊन."

सोपानरावांनी आयुष्यभर गाड्यांना सिग्नल दाखवले होते. नियम त्यांना कळत होता. ते मुकाट्याने मोरीत जाऊन हात धुऊन आले आणि नातीच्या तळपायाला एक बोट लावून धन्य झाले. त्यांच्यामागे रांगच लागली. लीलाबाई पाळण्याशी फुंकणी आडवी धरून उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाला कुसळाची गोष्ट पहिल्यापासून सांगत राहिली. चौथ्या वेळेला तिने तीत म्हैसही घातली. ती कशाला, हे समीक्षालाही कळलं नाही, पण तिने मध्ये तोंड घातलं नाही.

परतीच्या लोकलला अवकाश होता. गेणू आणि निलेश फलाटाच्या टोकाला पाणी प्यायला गेले. लीलाबाई बाकावर टेकली, शेजारी समीक्षा. फुंकणी स्नेहलने ठेवून घेतली होती. दोन महिने पाळण्याला टांगून ठेवते म्हणाली, म्हणजे येणाऱ्याला वेगळं सांगायला नको. लीलाबाईची मांडी रिकामी रिकामी वाटत होती.

"समे," ती म्हणाली, "तुला तो जर माझ्यापासनंच झाला."

समीक्षाने तिच्याकडे मान वळवली.

"भाकर चावून भरवायची मी तुला. तवा म्हाईत नव्हतं ग. तुला कायतरी झालं असतं तर." काल संध्याकाळपासून तिने हे एकटीने आत दाबून धरलं होतं.

"मला चार वरसापास्नं म्हाईताय," समीक्षा म्हणाली. "शिकायला लागले तवाच कळलं."

"मग बोलली न्हाईस ती?"

"काय बोलू? तो जर मला गावात कुनाकडनंबी आला असता, आत्या. भाकर तुझ्याकडनंच आली."

लीलाबाईने मास्क न काढताच पदराने डोळे पुसले. तिला पोरीला जवळ घ्यायचं होतं, पाच वर्षांची असताना घ्यायची तसा मुका घ्यायचा होता. ती अर्धी वळलीही. मग ओठाला पट्टी टोचली, सकाळपासून चाळीस जणांना सांगितलेलं सगळं आठवलं, आणि ती तशीच अंग चोरून मागे सरकली.

समीक्षाने ते पाहिलं. तिने ओढणीने गाल पुसला आणि तो पुढे केला.

"घे," ती म्हणाली. "मी काय बाळ न्हाई. माझ्या पेशींची त्याच्याशी लय जुनी वळख हाय."

लोणावळ्याची गाडी फलाटात शिरत होती, दारात माणसं उभी होती, आणि लीलाबाईने सगळ्यांच्या देखत मास्क खाली ओढून आपल्या डॉक्टर होऊ घातलेल्या पोरीचा मुका घेतला.